आमची पोरगी कोळशावर गोळ्या झाडती

माझी आत्या केज तालुक्यातल्या आमच्या गावात भेटेल त्याला सांगते, "आमची पोरगी पुण्याला कोळशावर गोळ्या झाडायला जाती." मी बीडला एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वेगवान इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानं कार्बनच्या स्फटिकाची काय मोडतोड होते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता आणि त्यापायी मी एसटीनं नगरमार्गे पुण्याच्या खेपा घालत असे. आत्याचं वर्णन मला पटतं. दुरुस्ती एकच. कोळशावर गोळ्या झाडून फारसा उपयोग नाही, तो मुळातच मोडलेला असतो.

परळीच्या औष्णिक केंद्रात जळतो त्या दगडी कोळशात कार्बनचेच अणू असतात, पण त्यांची मांडणी विस्कटलेली. एखादा कोपरा नीट रचलेला, बाकी सगळं वेडंवाकडं. मोडतोड पाहायची तर आधी काहीतरी सुबक हवं. तसं ग्राफाइट असतं. पेन्सिलीच्या ज्या कांडीला आपण शिसं म्हणतो, ती ग्राफाइट आणि चिकणमाती भाजून केलेली असते. ग्राफाइटच्या थरात प्रत्येक अणूला तीन शेजारी असतात. षटकोनाला षटकोन जोडत जाळी पसरते आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं अंतर सगळीकडे ०.१४२ नॅनोमीटर भरतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे थर एकावर एक, मध्ये ०.३३५ नॅनोमीटरची फट ठेवून. थरातले बंध कमालीचे बळकट, पण थरा-थरांतली ओढ इतकी दुबळी की कागदावर घासलं तरी थर सुटतात. अक्षर उमटतं ते त्यामुळेच.

याच दुबळेपणाचा फायदा घेऊन २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं ग्राफाइट सोलत सोलत एकच थर वेगळा काढला. त्या ग्राफीनसाठी त्यांना २०१० चं नोबेल मिळालं. थर गुंडाळून नळी झाली की ती नॅनोट्यूब. जपानच्या सुमिओ इजिमांनी १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या नळ्या जगाला दाखवल्या. आपल्याकडे आयआयटी मुंबईत महेश्वर शरॉन यांच्या गटानं त्या चक्क कापरापासून बनवल्या. हे वर्गात सांगितलं की वैजनाथाच्या परळीची मुलं जरा सरसावून बसतात. हिऱ्याची गोष्ट निराळी. तिथं थर नाहीत, प्रत्येक अणूनं चार दिशांना चार शेजारी धरून ठेवलेले असतात.

आता गोळ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात 'रेसट्रॅक मायक्रोट्रॉन' नावाचं यंत्र आहे. मायक्रोट्रॉनचं तत्त्व सोपं आहे. एक पोकळी, तिच्यात विद्युतक्षेत्र. इलेक्ट्रॉन तिच्यातून गेला की त्याला धक्का मिळतो. पुढे चुंबक त्याला वळवून पुन्हा त्याच पोकळीच्या तोंडाशी आणतं आणि त्याला आणखी एक धक्का मिळतो. दर फेरीला ऊर्जा वाढते, वळण मोठं होतं आणि शेवटी झोत बाहेर काढला जातो. तेव्हा एकेका इलेक्ट्रॉनची ऊर्जा ६० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि वेग प्रकाशाच्या ९९.७ टक्के. यंत्र चालू असताना जाड भिंतींच्या आत कुणी थांबत नाही, कारण इलेक्ट्रॉन धातूवर आपटले की क्ष-किरण निघतात.

बहुतेकांना वाटतं, अशा झोतात कार्बन तापतो, भाजतो, जळतो. विद्यार्थ्यांना वाटतं आणि काही प्राध्यापकांनाही. थोडं तापतं हे खरं, पण स्फटिक मोडतो तो उष्णतेनं नाही. तो एकेका टकरीनं मोडतो आणि त्या टकरीचं गणित बारावीच्या मुलालाही जमेल.

कार्बनचं केंद्रक इलेक्ट्रॉनपेक्षा जवळजवळ २२ हजार पट जड आहे. इतक्या हलक्या कणाला इतक्या जड वस्तूला फारसं काही देता येत नाही. ६० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन अगदी समोरासमोर धडकला तरी केंद्रकाच्या पदरात जास्तीत जास्त साडेसात हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट पडतात, म्हणजे हजारातला सव्वा भाग. समोरासमोरची टक्कर दुर्मीळ. बहुतेक टकरी चाटून जाणाऱ्या असतात आणि त्यांत देवाणघेवाण आणखी किरकोळ होते.

पण ग्राफाइटच्या थरातून अणू उखडायला तरी किती लागतात? वीस-बावीस इलेक्ट्रॉन व्होल्ट. हिऱ्यात चारी बाजूंनी पकड असल्यानं साधारण चाळीस. एवढी ऊर्जा एका झटक्यात मिळाली की अणू जागा सोडतो. तेवढी मिळाली नाही तर तो थरथरतो आणि जागेवर बसतो, काहीच झालं नाही असा. इथं उधारी चालत नाही. आज दहा, उद्या दहा असं साठवून अणू बाहेर पडत नाही, कारण पुढचा धक्का यायच्या कितीतरी आधी पहिल्याची ऊर्जा शेजाऱ्यांत वाटून गेलेली असते. म्हणून कमी ऊर्जेचे अब्जावधी इलेक्ट्रॉन जे करू शकत नाहीत, ते पुरेशा ऊर्जेचा एकटा इलेक्ट्रॉन करतो.

हा उंबरठा नेमका कुठे येतो, हे सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांनी अनुभवानं शिकून घेतलं आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात झोताला व्होल्टेज देऊन पळवतात. ८० हजार व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला कार्बनच्या अणूला जास्तीत जास्त १६ इलेक्ट्रॉन व्होल्ट देता येतात. ग्राफीन शाबूत राहतं. एक लाख व्होल्टला हाच आकडा २० वर जातो आणि जाळीत भोकं पडू लागतात. आकडेमोडीनं अजून दोन कमी पडतात असं कुणी म्हणेल. पण अणू स्थिर बसलेला नसतो, तो सतत थरथरत असतो. तो नेमका बाहेरच्या दिशेनं जात असताना टक्कर बसली तर त्याची स्वतःची गती कामी येते आणि उरलेलं अंतर भरून निघतं. म्हणून हा उंबरठा रेघ ओढल्यासारखा काटेकोर नाही. ९० हजारांच्या आसपास तो पुसट होत जातो.

दोन लाख व्होल्टचे सूक्ष्मदर्शक जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. धातू पाहायला ते उत्तम, पण कार्बन पाहायला घेतलात तर जे पाहता तेच मोडत असता. मी गणित करून पाहिलं. झोत चांगला एकवटला, चौरस सेंटीमीटरमागे शंभर अँपिअर इतका दाट केला, तर प्रत्येक अणूवर मिनिट-दोन मिनिटांत उखडण्याची पाळी येते. एक आख्खी पिढी कार्बनची छायाचित्रं अशा यंत्रांवर घेत होती आणि त्यांतल्या काही वेड्यावाकड्या आकृत्या निसर्गाच्या होत्या की झोताच्या, हा प्रश्न विचारणं मला रास्त वाटतं. आता कार्बनसाठी सूक्ष्मदर्शक मुद्दाम ८० किंवा ६० हजार व्होल्टवर चालवतात.

आणि मायक्रोट्रॉन? तिथं ऊर्जा त्या सूक्ष्मदर्शकाच्या तीसपट. नुकसानही तीसपट असावं, असा अंदाज कुणीही करेल. तसं होत नाही. उंबरठा एकदा बराच मागे पडला की एका इलेक्ट्रॉनकडून अणू उखडला जाण्याची शक्यता फारशी वाढत नाही. ६० लाखांवर ती दोन लाखांच्या मानानं जेमतेम थोडी जास्त भरते. फरक पडतो तो झोताच्या दाटपणानं आणि मायक्रोट्रॉनचा झोत त्या मानानं खूप विरळ. चौरस सेंटीमीटरमागे एक हजार लाख कोटी इलेक्ट्रॉन ओतले तरी काही कोटी अणूंमागे एखादाच हलतो. त्याच्या बदल्यात हे इलेक्ट्रॉन खोलवर जातात. सूक्ष्मदर्शकाला नमुना कमालीचा पातळ लागतो, इथं काही मिलिमीटर जाडीचा तुकडाही आरपार भेदला जातो.

एक अणू उखडला की दोन गोष्टी घडतात. जिथून तो गेला तिथं पोकळी राहते आणि तो जिथं जाऊन अडकतो तिथं दाटी होते. ग्राफाइटमध्ये अडकायची सोयीची जागा म्हणजे थरांमधली फट. घोंगड्यांच्या चळतीत दगड सरकवल्यावर वरच्या घोंगड्या तेवढ्या जागी फुगतात आणि आजूबाजूला सुरकुततात, तसंच इथं होतं. थरांमधलं अंतर वाढतं, थर लाटांसारखे वाकतात. पोकळीच्या बाजूला उलट प्रकार. तीन शेजाऱ्यांचे हात रिकामे राहतात. त्यांतले दोघं एकमेकांना धरतात, तिसरा लोंबकळतो. जाळी आकसते आणि षटकोनांच्या रांगेत पंचकोन, सप्तकोन उगवतात. एकही अणू न गमावता नुसता एक बंध नव्वद अंशांत फिरूनही चार षटकोनांचे दोन पंचकोन आणि दोन सप्तकोन होतात. अँथनी स्टोन आणि डेव्हिड वेल्स यांनी १९८६ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून या बिघाडाला त्यांचंच नाव आहे.

पंचकोन आला की थर वाटीसारखा वळतो, सप्तकोन आला की खोगिरासारखा. सपाट राहणं संपतं. शिवाय पोकळीच्या काठावरचे अणू आधीच दोघांनीच धरलेले असतात. त्यांना उखडायला कमी ऊर्जा पुरते, त्यामुळे ८० हजार व्होल्टलाही पडलेलं भोक मोठं होत जातं. मारा चालू ठेवला तर थर तुटक होतात, एकमेकांत गुंततात आणि शेवटी ग्राफाइटचा स्फटिक उरतच नाही. उरतो तो विस्कटलेला कार्बन, काजळीच्या जातीचा. म्हणजे आत्याचा कोळसा येतो तो शेवटी.

हे सगळं डोळ्यांनी दिसत नाही. माझ्याकडचे मारा केलेले आणि न केलेले नमुने शेजारी ठेवले तर मलाही चिठ्ठी वाचल्याशिवाय ओळखता येत नाहीत. तपासायला दोन जुनी हत्यारं आहेत. क्ष-किरणांच्या आलेखात ग्राफाइटच्या थरांचं शिखर साडेसव्वीस अंशांवर येतं. अंतर वाढलं की ते कमी अंशांकडे सरकतं आणि पसरट होतं. दुसरं हत्यार आपल्या घरचं, रामन परिणाम. नीट ग्राफाइटवर लेझरचा प्रकाश टाकला की १५८० च्या आकड्याशी एक ठळक शिखर मिळतं. जाळीत बिघाड असला तरच १३५० पाशी दुसरं उगवतं. दोन्हींच्या उंचीच्या तुलनेवरून मोडतोड जोखता येते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला महाविद्यालयांत विज्ञान दिन होतो, रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणं होतात. त्यांच्या १९२८ च्या शोधावर जगभरच्या कार्बन प्रयोगशाळांचं रोजचं काम चालतं, हे त्या भाषणांत मी अजून ऐकलेलं नाही. निदान त्या दिवशी तरी एखादा आलेख मुलांना दाखवावा.

झोतातले इलेक्ट्रॉन केंद्रकावर क्वचित आदळतात. त्यांची बहुतेक ऊर्जा जाते अणूंभोवतीच्या इलेक्ट्रॉनांना हुसकावण्यात. मग बंध त्यानंच का तुटत नाहीत? प्लास्टिकमध्ये तुटतात. नवी मुंबईत खारघरला भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन झोत केंद्र आहे. अशा झोतानं प्लास्टिकच्या साखळ्यांचे बंध तोडून त्या नव्यानं एकमेकींना जोडता येतात, तारांवरची आवरणं उष्णतेला टिकाऊ करता येतात. ग्राफाइट मात्र वीज वाहून नेतं. त्याच्या थरात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन भरपूर, त्यामुळे कुठं तूट पडली की ती क्षणार्धात भरली जाते, बंध तुटायला सवडच मिळत नाही. ग्राफाइटला धोका फक्त केंद्रकाच्या टकरीचा. म्हणून ते प्लास्टिकच्या तुलनेत प्रचंड मारा सोसतं.

न्यूट्रॉनपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. न्यूट्रॉन कार्बनच्या एक-बारांश वजनाचा, तो एका टकरीत २८ टक्क्यांपर्यंत ऊर्जा देऊ शकतो. जागा सोडलेल्या अणूंच्या रूपानं ग्राफाइटमध्ये ऊर्जा साठत जाते, हे युजीन विग्नर यांनी अणुभट्ट्यांच्या अगदी सुरुवातीच्या काळात ताडलं होतं. इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या भट्टीत ही साठलेली ऊर्जा तापवून मोकळी करताना ऑक्टोबर १९५७ मध्ये आग लागली.

तापवण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा. उष्णता मोडत नाही, उलट सांधते. काही शे अंशांना थरांमध्ये अडकलेले अणू भटकायला लागतात आणि भटकता भटकता पोकळी सापडली की तिच्यात बसतात. म्हणून तापलेल्या नमुन्यावर मारा केला तर एकीकडून मोडतं, दुसरीकडून जुळतं आणि नवीनच आकार तयार होतात. १९९२ मध्ये डॅनियल उगार्ते यांनी काजळीवर जोरदार झोत सोडला, तेव्हा तिचे एकात एक बसलेले गोल पापुद्रे तयार झाले. त्यांना 'कार्बनचे कांदे' म्हणतात. पुढे १९९६ मध्ये फ्लोरियन बानहार्ट आणि मूळचे केरळचे पुलिकेल अजयन यांनी असे कांदे सातशे अंशांच्या आसपास तापवून त्यांच्यावर मारा चालू ठेवला. अणू उडत गेले, पापुद्रे आकसत गेले आणि आतला दाब इतका वाढला की मधोमध हिरा जन्मला. मोडतोडीच्या माझ्या सगळ्या वाचनात त्यांचा हा शोधनिबंध मला सर्वांत आवडतो.

आत्याचा एक प्रश्न राहिला. पुण्याहून आणलेली डबी मी घरी टेबलावर ठेवली की ती पदर सावरून दोन पावलं मागे सरते. "याला हात लावला तर काय होतंय का गं?" काही होत नाही. कार्बनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन बाहेर काढायला एक कोटी ८७ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, माझे इलेक्ट्रॉन साठ लाखांचे. ते अणूची जागा बदलतात, केंद्रकाला धक्का लावत नाहीत. नमुना किरणोत्सारी होत नाही. हे समजावलं की ती म्हणते, "बरं बाई," आणि डबीला हात लावत नाही.

याउलट, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम क्रूक्स यांनी हिरे रेडियमच्या क्षारात पुरून ठेवले होते. ते हिरवे झाले, पण किरणोत्सारीही झाले. हिऱ्याला रंग यायचं कारण तेच, उखडलेला अणू. हिऱ्यातली पोकळी तांबडा प्रकाश शोषते, म्हणून मार खाल्लेला हिरा निळसर-हिरवा दिसतो. निसर्गातही हे घडतं, जमिनीतल्या किरणोत्सारी खनिजांमुळे. जर्मनीत ड्रेस्डेनला असलेला ४१ कॅरटचा हिरवा हिरा मूळचा भारतातला, गोवळकोंड्याच्या खाणींकडचा मानतात. बीडवर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं, तेव्हा गोवळकोंडा आम्हाला काही परका नाही.

आज हाच हिरवा रंग इलेक्ट्रॉनच्या झोतानं हुकमी आणतात. मारा केलेला हिरा आठशे अंशांपर्यंत तापवला की पोकळ्या सरकू लागतात आणि हिऱ्यात मुळातच असलेल्या नायट्रोजनच्या अणूंपाशी अडकतात. मग रंग पिवळा, केशरी किंवा गुलाबी होतो. एक नायट्रोजन आणि त्याला खेटून एक पोकळी, ही जोडी तर सध्या फार भाव खाऊन आहे. हिरवा प्रकाश टाकला की ती तांबडी चमकते आणि त्या चमकेवरून अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजता येतं, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट असाच हिऱ्यातला बिघाड वापरून चुंबकीय क्षेत्र पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर काम करतो. त्याच कामासाठी २०२४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं आयआयटीशी हातमिळवणी केली. ज्या बिघाडापासून ग्राफीन जपायला आपण व्होल्टेज उतरवतो, तोच बिघाड हिऱ्यात पैसे मोजून करवून घेतला जातो.

रंगीत हिऱ्याची अंगठी घेणार असाल तर प्रमाणपत्रावर रंग नैसर्गिक आहे की मारा करून आणलेला, हे वाचून घ्या. दोन्ही हिरे खरेच, अंगावर घालायला दोन्ही चालतात, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि कोणता कसा, हे नुसत्या डोळ्यांनी सराफालाही ओळखता येत नाही. मारा केलेला हिरा घेतलाच, तर अंगठी सैल करायला किंवा दुरुस्तीला देताना तसं सोनाराला आधी सांगा. सोनाराच्या ज्योतीची आच लागली की आतल्या पोकळ्या सरकतात आणि हिरवा हिरा परत येताना पिवळट होऊन येऊ शकतो. गेलेला रंग घासून-पुसून परत येत नाही.